ताटभर चव

निवृत्त झाल्यावर मी नाशिकच्या गंगापूर रोडला मुलाकडे राहायला आले. इमारतीतल्या बायकांनी पहिल्याच आठवड्यात माझी चौकशी केली. मी अंगणवाडीत सेविका होते म्हटल्यावर एक जण म्हणाली, "अय्या, म्हणजे खिचडी वाटायचात?" मी हो म्हणून टाकलं. एकतीस वर्षं खिचडी वाटली हे काही खोटं नाही. फक्त ते सांगायला लिफ्टचे चार मजले पुरत नाहीत, म्हणून इथे लिहिते आहे.

माझी अंगणवाडी दिंडोरीच्या पुढे, कळवणच्या रस्त्याला लागून आत गेलं की एका छोट्या गावात होती. एक खोली, पुढे ओटा, मागे स्वयंपाकाची पडवी, आणि चारही बाजूंनी द्राक्षाच्या बागा. हंगामात पहाटेच पिकअप गाड्या यायच्या आणि गावातली सगळी धडधाकट माणसं छाटणीला, नाहीतर घड विरळायला घेऊन जायच्या. मागे उरायची लेकरं, म्हातारी माणसं आणि दिवस गेलेल्या बाया. यातल्या लेकरांची आणि बायांची जबाबदारी सरकारनं माझ्यावर टाकलेली होती. म्हाताऱ्यांसाठी माझ्या रजिस्टरात रकाना नव्हता.

बाहेरच्यांना हे काम समजावं म्हणून थोडक्यात सांगते. तीन ते सहा वर्षांची मुलं रोज यायची, गाणी म्हणायची, भांडायची आणि दुपारी गरम जेवायची. त्याहून लहान बाळांसाठी घरी पाकिटं जायची. आमचा भाग डोंगराकडचा, म्हणून गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनाही रोज एक पूर्ण ताट मिळायचं. भाकरी, भात, डाळ, भाजी आणि उकडलेलं अंडं. अट एकच होती, ताट अंगणवाडीत बसून संपवायचं. घरी नेलेल्या पाकिटाचं काय होतं ते सरकारलाही कळलेलं होतं. ते सासू, दीर, नणंद आणि पाहुण्यांत वाटलं जातं आणि जिच्यासाठी आलं तिला पाकीट तेवढं धुवायला मिळतं.

मुलांनाही तोच नियम, इथेच खायचं. तरी चिमी नावाची एक चार वर्षांची पोरगी रोज आपलं अंडं झग्यात लपवून न्यायची. मला वाटायचं, आजीला देत असेल. पंधरा दिवसांनी तिची आई तणतणत आली. कोंबडीच्या खुराड्याला भयंकर वास सुटला होता. चिमीनं आमची सगळी उकडलेली अंडी कोंबडीखाली उबवायला ठेवली होती आणि ती बिचारी कोंबडी इमानानं त्यांच्यावर बसून होती. चिमीला समजावलं तर ती मलाच म्हणाली की ताई, तुम्ही कशाला शिजवता मग.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत फोन आला आणि फोनात अ‍ॅप आलं. लाभार्थी बाईचा चेहरा त्यात घ्यायचा आणि तिनं पापणी लववायची, म्हणजे ती खरी आहे असं अ‍ॅपला पटतं. आमच्या बाया फोन समोर धरला की श्वाससुद्धा रोखून धरायच्या, पापणी कुठली लवते. मी आणि माझी मदतनीस हिराबाई समोर उभ्या राहून डोळे मिचकावून दाखवायचो. रस्त्यानं जाणाऱ्यांना आमचं काय चाललंय असं वाटत असेल, देव जाणे.

पण मला सांगायचंय ते चवीच्या वहीबद्दल. मुलांना वाढण्याआधी अर्धा तास कुणीतरी पालकानं आणि सेविकेनं जेवण चाखून पाहायचं आणि या वहीत शेरा लिहायचा, असा नियम आहे. चांगला नियम आहे. मी तो कित्येक वर्षं फार सोप्या पद्धतीनं पाळला. सोमवारी सकाळी बसायचं आणि आठवडाभराचं एकदमच लिहून टाकायचं, चव उत्तम, चव उत्तम, चव उत्तम. एकदा आमच्या पर्यवेक्षिका मॅडम वही चाळता चाळता थांबल्या आणि म्हणाल्या, "ताई, तुम्ही संकष्टी करता ना? मग मागच्या संकष्टीला डाळभात कसा चाखलात?"

मी म्हटलं, "वासावरून."

मॅडम हसल्या, पण निघताना बजावून गेल्या की उद्यापासून खरोखरच कुणाकडून तरी चव घ्यायची. मी मान डोलावली. हे एक.

दुसरं असं की त्याच सुमाराला यशोदाचं वजन वाढेना. यशोदा कळवणकडची, लग्न होऊन गावात आलेली. पाचवा महिना लागला होता, अंगानं काडी. काट्यावर उभी राहिली की काटा मागच्या महिन्याच्याच आकड्यावर येऊन थांबायचा. आरोग्य केंद्रातल्या बाई म्हणाल्या, असंच राहिलं तर मूल अशक्त होईल, आणि आईचंही खरं नाही. माझ्याकडे तर ती रोज जेवत होती. मग मी पाळत ठेवली. ती भात आणि डाळ खायची. अंडं, अर्धी भाकरी आणि भाजी मात्र कधी पदराच्या गाठीत जायची, डोळ्यात तेल घालून बसले तरी कळायचं नाही.

मी तिला रागावले. नियम सांगितला, पोटातल्या बाळाची आण घातली. पुढे पुढे तर तिच्यासमोर बसून घासन् घास मोजायला लागले. ती मुकाट्यानं खायची आणि डोळ्यांतून पाणी गाळायची. असं आठ-दहा दिवस चाललं. त्या दिवसांची मला आजही लाज वाटते. पोलिसासारखी बसायचे मी तिच्यापुढे. शेवटी एकदा तीच बोलली.

"ताई, मामंजी घरी मिरचीसंगं कोरडी भाकर खात्यात. मी हितं अंडं कशी खाऊ? त्यांनी खाल्ल्याबिगर घशाखाली उतरत नाय."

घरात सासू नव्हती, नवरा पहाटेच बागेत जायचा. सून आणि सासरे, दोघंच असायची. सासऱ्यांनी खाल्ल्याशिवाय सुनेनं खायचं नाही ही आमच्याकडची जुनी रीत, आणि इथे नुसती रीतही नव्हती. लग्नानंतर पहिल्या सणाला सासऱ्यांनी, म्हणजे सखारामबाबांनी, स्वतः पुरणपोळ्या करून सुनेला वाढल्या होत्या, असं तिनंच मला सांगितलं. बाबा तरुणपणी पंचक्रोशीतल्या लग्नांचे आचारी होते. आता हात थरथरायचे. सून रोज जे आणते ते अंगणवाडीत उरलेलं असतं, अशी त्यांची समजूत होती. हे कळल्यावर माझ्या डोक्यात दोन गोष्टींची गाठ पडली. मला चव घेणारा हवा होता आणि यशोदाला आधी जेवलेला सासरा.

त्याच संध्याकाळी मी बाबांकडे गेले. म्हटलं, सरकारचा नियम आहे, रोज एका जाणत्या माणसानं मुलांच्या जेवणाची चव घ्यायची. गावात तुमच्याइतका जाणता कोण आहे? बाबांनी विचारलं, किती चव घ्यायची? मी म्हटलं, ताटभर. त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं, मग म्हणाले, येतो.

मुलांच्या वाट्यातलं मी त्यांना देणार नव्हते. मूठभर डाळ-तांदूळ, भाकरीपुरतं पीठ आणि एक अंडं मी रोज घरून आणायचं आणि हिराबाईनं त्याच स्वयंपाकात घालायचं, असं आम्ही दोघींनी ठरवलं. बाबांना यातलं काही कळू द्यायचं नव्हतं. माणूस मानी, आपल्याला कुणी दयेनं जेवू घालतंय असं कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी फिरकला नसता.

दुसऱ्या दिवशी बाबा धुतलेलं धोतर, टोपी आणि स्वतःचा तांब्या घेऊन आले आणि ओट्यावर बसले. ताट समोर आलं. सावकाश, मान खाली घालून सगळं जेवले, हात धुतले आणि म्हणाले, "लिवा."

मी वही उघडली. चव उत्तम, एवढं आधीच लिहायला घेतलं होतं.

"डाळ न भाजता टाकली. भाताला एक कढ जास्ती झाला. फोडणीला लसूण हाय, पण घाईचा. लिवा."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. पण चव घ्यायला मीच बोलावलं होतं, म्हणून लिहिलं. आतून पातेलं आपटल्याचा आवाज आला. हिराबाई बावीस वर्षं स्वयंपाक करत होती आणि आजवर तिला कुणी काही बोललं नव्हतं. पण त्या दिवशी मला हिराबाईकडे बघायला वेळ नव्हता. आतल्या बाजूला, दाराआड, यशोदा डोक्यावरून पदर घेऊन ओट्याकडे पाठ करून बसली होती. बाहेरून "लिवा" ऐकू आलं आणि तिनं पहिला घास घेतला. अंडं अख्खं खाल्लं. पदराला गाठ पडली नाही.

तेव्हापासून रोजचं हेच झालं. आधी बाबांचं ताट, मग "लिवा", मग यशोदाचा घास. मुलांनाही ते इतकं पाठ झालं की बाबा तोंड उघडायच्या आत वीस-पंचवीस पोरं एका सुरात "लिवा" म्हणून ओरडायची आणि ताटल्या वाजवायला लागायची.

बाबांचे शेरे मात्र दिवसेंदिवस कडक होत गेले. आज वरणात मीठ शोधत बसलो, सापडलं नाय. आज मटकी दातानं फोडावी लागली, लेकरांचे तर दुधाचे दात हायेत. आज भोपळ्याची भाजी बरी, पण बरीच. हिराबाई म्हणायची, हे काय लगीन हाय का, अंगणवाडी हाय ही, वऱ्हाडाची पंगत नाय. चार दिवस ती बाबांशी बोलली नाही. पाचव्या दिवशी मी जरा लवकर गेले, तर पडवीतून भाजलेल्या मुगाच्या डाळीचा वास येत होता. हिराबाईनं मला पाहून कढईवर झाकण टाकलं. त्या दिवसाचा शेरा होता, आज डाळीकडं ध्यान दिलंय. हिराबाईनं तो माझ्याकडून तीनदा वाचून घेतला.

महिन्या-दीड महिन्यात आमच्या पोरांनी ताटल्या चाटून पुसून स्वच्छ करायला सुरुवात केली. चिमीसुद्धा अंडं जागेवर खायला लागली. आणि यशोदाचा काटा हलला. पहिल्यांदा हलला तेव्हा मी आणि हिराबाईनं काटा खराब झाला की काय म्हणून दोघींची वजनं करून पाहिली. काटा बरोबर होता, आमची वजनं मात्र इथे सांगण्यासारखी नव्हती.

सगळं छान चाललं असताना तपासणी आली. नाशिकहून नवे साहेब आले होते, वयानं माझ्या मुलाएवढे. मुलांची पाटी-गाणी झाली, वजनं पाहिली आणि मग ते चवीची वही घेऊन बसले. पानं उलटता उलटता त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मला म्हणाले, बाई, आजवर मी जेवढ्या वह्या पाहिल्या तेवढ्यांत चव उत्तम आहे. फक्त तुमच्याच वहीत तक्रारी आहेत. इतकं वाईट जेवण मुलांना घालता?

इतकी वर्षं खोटं लिहिलं तेव्हा शाबासकी मिळाली होती. खरं लिहिल्यावर आता नोटीस निघायची वेळ आली होती.

साहेबांनी पुढे विचारलं, हे चव घेणारे रोज एकच गृहस्थ कसे, आणि ते ताटभर जेवतात हे खरं का? मी खाली मान घालून हो म्हटलं. ते म्हणाले, चव म्हणजे चमचाभर. उद्यापासून ताट बंद करा, ही माणसं कुठल्याच रकान्यात बसत नाहीत. नियमानं बघितलं तर त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण यशोदाला आठवा संपत आला होता, ती आत दाराआड बसलेली होती आणि तिनं हे सगळं ऐकलं होतं. उद्या बाबांचं ताट बंद झालं की पदराची गाठ पुन्हा सुरू होणार, हे मला दिसत होतं.

तेवढ्यात पडवीतून हिराबाई तरातरा बाहेर आली आणि म्हणाली, साहेब, लेकरांच्या वाट्यातला एक दाणा कमी होत नाय, म्हाताऱ्याची मूठ रोज ताईंच्या घरून येते. तिनं चांगल्या मनानंच सांगितलं. पण बाबा तिथेच बसलेले. आता हे उठून जाणार, आणि मग सगळंच बिघडणार, असं मला वाटलं. बाबांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून मी मनात हुश्श केलं.

बाबा सावकाश उठले आणि साहेबांसमोर येऊन उभे राहिले.

"साहेब, एका चमच्यात मीठ कळतं. डाळ पोटात जाऊन काय करती, ते चमच्यात कळत नाय. त्याला ताटच पाहिजे. बसा, आज तुमी घ्या चव."

खरं सांगते, मला क्षणभर बाबांचा रागच आला. एवढा मोठा अधिकारी समोर उभा आहे आणि हा माणूस एका ताटासाठी वाद घालतोय. म्हातारपणी जीभ सुटते म्हणतात तसंच असेल, असं मनात येऊन गेलं. साहेब मात्र बूट काढून ओट्यावर बसले. हिराबाईनं वाढलं. शेजारी बाबांचंही ताट आलं. दोघं जेवले. मुलं आतून ताटकळत बघत होती. शेवटी साहेबांनी हात धुतले, माझ्याकडून वही घेतली आणि लिहायला लागले, तशी पोरं ओरडली, "लिवा!" साहेब दचकले आणि मग हसले.

त्यांनी लिहिलं होतं, डाळ उत्तम, भात थोडा गिच्च, चव घेण्याची पद्धत समाधानकारक. बाबांनी ते माझ्याकडून वाचून घेतलं आणि भाताबद्दल साहेबांचं बरोबर आहे म्हणाले. ताट चालू राहिलं.

यशोदाला मुलगी झाली. अंगानं भरलेली, आवाजानं खणखणीत. आमच्या काट्यावर पहिल्यांदा ठेवली तेव्हा तिनं काटा आणि माझी साडी दोन्ही भिजवली. मी आणि हिराबाई एकमेकींना धरून रडलो, आणि त्यात दुःखाचं काही नव्हतं. बाळंतपणाच्या सव्वा महिन्यात हिराबाई तिचा डबा घरी पोचवायची. बाबा ओट्यावर जेवले, असं तिनं सांगितलं की मगच यशोदा झाकण उघडायची. मग बाळाला घेऊन ती पुन्हा दाराआड बसायला लागली. बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत आईला ताट मिळतं. सहा महिने पुरे झाले त्या दिवशी आम्ही अंगणवाडीतच बाळाचं उष्टावण केलं. मामा कळवणहून आला, त्यानं पहिला घास भरवला आणि बाळानं तो मामाच्या शर्टावर परत केला. दुसऱ्या दिवसापासून यशोदाचं नाव माझ्या यादीतून कमी झालं.

त्या दुसऱ्या दिवशी बाबा नेहमीच्या वेळी आले. टोपी, धोतर, तांब्या. हिराबाईनं ताट वाढलं. बाबांनी भाकरीचा एक तुकडा मोडला, आमटीत बुडवून खाल्ला, डोळे मिटून चव घेतली.

"लिवा. आज सगळं जागच्या जागी हाय."

आणि ते उठले. मी म्हटलं, बाबा, ताट तर तसंच आहे, बरं नाही का वाटत? हिराबाईही पडवीतून डोकावली.

"चव घ्यायला एक घास पुरतो, ताई," बाबा म्हणाले. "हजाराच्या पंगती रांधल्यात म्या. येवढं कळत नाय व्हय मला?"

"मग इतके महिने ताटभर कसे जेवलात?"

बाबांनी टोपी सारखी केली. "तुमच्या घरची मूठ हाय, ते मला पयल्या दिवशीच कळलं व्हतं. सरकारी तांदूळ नि घरचा तांदूळ एका भातात मला कळायचा नाय का? लाज वाटायची, ताई. पण मी ताट सोडलं असतं, तर पोरीनं तिचं खाल्लं असतं का?"

मी हातातली वही उगाचच उघडली आणि मिटली. बाबांनी तांब्या उचलला.

"जातो मी. यशोदानं भाकरी टाकल्या असतील. मी जेवल्याबिगर ती घास घेत नाय."

एरवी ओट्यावरून उतरताना ते दोनदा भिंतीला हात टेकायचे. त्या दिवशी भिंतीकडे न बघताच उतरले आणि झपाझपा घराकडे निघाले.